दरेवाडीचा डावा बचावपटू

बीड जिल्ह्याच्या सहकारी चळवळीत फुटबॉलचं योगदान अनन्यसाधारण आहे.

हे वाक्य श्री काळभैरव सहकारी दूध उत्पादक संस्था, मुक्काम पोस्ट दरेवाडी, तालुका शिरूर कासार, या संस्थेच्या पहिल्या प्रगती अहवालाच्या सुरुवातीला आहे. ते संस्थेचे सचिव धर्मराज ओव्हाळ यांनी लिहिलं. लिहिलं तेव्हा त्यांनी आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता. दरेवाडीच्या पंचक्रोशीत असा सामना पाहिलेला माणूस शोधायचा झाला असता तर बीडपर्यंत जावं लागलं असतं, आणि तिथंही बसस्टँडवर चौकशी करावी लागली असती.

असे सहा अहवाल त्यांनी लिहिले. इंग्रजीत. प्रत्येकाखाली त्यांची सही, सहीवर संस्थेचा गोल शिक्का. तीन वर्षं काही झालं नाही. मग २०१६च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर हॉलंडहून दोन ओळींचं पत्र आलं :

'बारा तारखेला पोचतो. चौदा मार्चच्या आत मला सिदूला भेटलंच पाहिजे. येले वोर्टमन.'

ओव्हाळांनी ते तीनदा वाचलं. मग उठून पंखा बंद केला. बाहेर अडतीस डिग्री होतं आणि त्यांना थंडी वाजत होती.

प्रकरण असं होतं. चार वर्षांपूर्वी चेअरमन अर्जुनराव पुण्याच्या कृषी प्रदर्शनाला गेले होते. तिथं त्यांना दोन डच माणसं भेटली. त्यांच्या गावच्या फुटबॉल क्लबातल्या जुन्या खेळाडूंनी एक संस्था काढली होती आणि ती गरीब देशांतल्या खेड्यांना मैदानाचं सामान फुकट पाठवायची. अर्जुनराव परत आले ते अर्ज घेऊनच.

"चेअरमनसाहेब, पण आपल्याला मैदान कावून?" ओव्हाळांनी विचारलं होतं. "पोरंसोरं सगळी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातेत. खेळायला गावात ऱ्हातंय कोण?"

"मैदान कुणाला पायजे? त्येच्या खाली काळा कागद अंथरतेत, म्या चित्रात बघितला. जाडजूड. शेततळ्याला तसलाच लागतो." शेततळ्यात पाणी टिकावं म्हणून जे प्लास्टिक अंथरतात त्याला तिकडं कागदच म्हणतात. "तुमी इंग्रजी घेऊन बी.ए. झालात ना? मग लिव्हा."

ओव्हाळांनी लिहिलं. आठ महिन्यांनी कंटेनर आला. त्यात काळ्या कागदाच्या गुंडाळ्या, हिरव्यागार प्लास्टिकच्या गवताच्या गुंडाळ्या, दोन गोलपोस्ट, दोन जाळ्या आणि बावीस चेंडू होते. सहकाराच्या तत्त्वाप्रमाणे सगळ्याचा वापर झाला. कागद शेततळ्यात गेला. गवत आधी चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाला स्टेजवर अंथरलं, नंतर दुष्काळ पडून संस्थेनं चारा छावणी उघडली तेव्हा तेच जनावरांवर सावलीला टाकलं. एका गोलपोस्टला चाऱ्याच्या पेंढ्या तोलायचा काटा टांगला, दुसऱ्यावर टँकर भरायचा पाइप बांधला. जाळ्यांतून कडबा वाहायला सुरुवात झाली. एकवीस चेंडू ऊसतोडीच्या बिऱ्हाडांबरोबर पोरांच्या हातून फडावर गेले आणि परत आले नाहीत. बाविसावा छावणीतल्या पाण्याच्या हौदात तरंगत होता. हौद भरला की तो वर येऊन नळाच्या खुट्टीला लागायचा आणि पाणी बंद व्हायचं. तेवढा एकच चेंडू दरेवाडीत रोज कामावर असायचा.

पण दात्यांना दर सहा महिन्यांनी अहवाल पाहिजे होता. एखाद्या खेळाडूची प्रगती कळवा, असं त्यांनी लिहिलं होतं. सहकारी संस्थेत अहवाल नव्यानं लिहायची पद्धत नाही. मागच्या वर्षीचा घ्यायचा, साल बदलायचं, 'सभासदांचे मनःपूर्वक आभार' तसंच ठेवायचं. इथं मागचा अहवालच नव्हता. ओव्हाळ दोन दिवस कोऱ्या कॉम्प्युटरपुढं बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दात्यांचीच वेबसाइट उघडली. तिथं प्रत्येक जुन्या खेळाडूची कारकीर्द दिली होती. सगळ्यांत लांबलचक एका डाव्या बचावपटूची होती. ओव्हाळांनी ती घेतली आणि साल बदललं. गाव बदललं. नाव टाकायची वेळ आली तेव्हा टेबलावर हजेरीपट उघडा होता आणि पहिलंच नाव शेततळ्याच्या वॉचमनचं होतं. सिदू.

त्यामुळं सिदूनं अठराव्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, रिमझिम पावसात पहिला सामना खेळला. त्याची आई छत्री धरून उभी होती. एकोणिसाव्या वर्षी त्याला लाल कार्ड मिळालं. एकविसाव्या वर्षी त्यानं उपांत्य सामन्यात आपल्याच गोलात चेंडू मारला आणि आठवडाभर घराबाहेर पडला नाही. तेविसाव्या वर्षी मोठ्या क्लबानं नेला, वर्षभर बाकावर बसवला आणि परत पाठवला. चोविसाव्या वर्षी तो कप्तान झाला. सहा अहवालांत तो सव्वीसचा झाला होता.

सातव्यात काय लिहायचं ते ओव्हाळांना माहीत होतं, कारण त्या वेबसाइटवरच्या कारकिर्दीचं शेवटचं वाक्य त्यांना पाठ होतं. चौदा मार्चला डावा गुडघा मोडला आणि येले वोर्टमन पुन्हा कधी खेळला नाही.

आता तोच वोर्टमन चौदा मार्चच्या आत येत होता.

*

"सही कुणाची हाय?" अर्जुनरावांनी पत्र ऐकल्यावर एवढंच विचारलं.

"माझी. पण अर्जावर तुमची हाय."

"अर्ज खराच हुता की. मैदान मागितलं, त्यांनी दिलं. पुढचं तुमचं." अर्जुनराव खुर्चीत मागं रेलले. "घाबरू नका ओव्हाळ. सांगा, सिदू ऊसतोडीला गेलाय."

ओव्हाळांनी तसं कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. 'कोणत्या कारखान्यावर? मी तिकडे जातो.'

बाराला सिदूला गावीच बोलावून घेतो, असं ओव्हाळांनी कळवलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. दोन वर्षांनी त्यांची निवृत्ती होती. हॉलंडहून एक तक्रार कलेक्टर कचेरीत आली की चौकशी लागणार, चौकशी लागली की पोलीस येणार, आणि पोलीस सहीवरूनच माणूस ओळखतात. संस्थेवर याआधी दोन चौकशा झाल्या होत्या. दोन्हींत अर्जुनराव साक्षीदार होते. दोन्ही सचिव आत गेले होते. दुसऱ्या सचिवाची खुर्ची ओव्हाळांना मिळाली होती आणि तिचा एक हात अजून हलत होता.

घरी सावित्रीबाईंनी ताट सारलं आणि समोर बसल्या. "काय झालंय? तीन दिस झालं, भिंतीकडं बघून जेवताव."

त्यांनी सांगितलं. सावित्रीबाई ऐकत राहिल्या. त्यांची नजर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवरून शेजारच्या सासऱ्यांच्या फोटोवर गेली. म्हाताऱ्यानं छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्यानंतर चाळिशीत अक्षर गिरवायला सुरुवात केली होती.

"मामंजींनी काय सांगितलं हुतं तुमाला?"

"वाचल्याबिगर सही करू नको."

"मग?"

"वाचूनच केली की. म्याच लिव्हलं हुतं."

 सावित्रीबाईंनी ताटात आणखी एक भाकरी ठेवली. शिक्षा व्हायच्या आधी माणसानं पोटभर खावं, असा ओव्हाळांना त्याचा अर्थ लागला.

अकरा तारखेला त्यांनी सिदूला बोलावलं. सिदू तिशी ओलांडलेला, काटक, डाव्या पायानं लंगडणारा. त्याच्या लंगडण्यालाही शेततळंच कारणीभूत होतं. तळं टँकरनं भरा, बोअरनं भरा, वीस-बावीस दिवसांत रिकामं व्हायचं. एवढा जाड विलायती कागद असून पाणी जातंय, म्हणजे चोरी होतेय, असा संचालक मंडळानं ठराव केला. पलीकडच्या वस्तीवर संशय घेतला. तिच्याशी तीन वर्षं बोलणं बंद होतं, दोन सोयरिकी मोडल्या होत्या. सिदूला वॉचमन नेमला. मागच्या शिमग्याच्या आधी पहाटे त्याला तळ्याशी खुडबुड ऐकू आली, तो चोर चोर म्हणत धावला आणि पाण्याच्या चारीत पडला. गुडघ्याची वाटी फुटली. चोर सापडला नाही. तिथं एक गाढव उभं होतं, पण ते नेहमीच तिथं असायचं.

"सिदू, उद्या एक गोरा साहेब येणार हाय. तू फुटबॉल खेळतूस."

"मी?"

"डावा बचावपटू हायस. कप्तान हायस."

सिदूनं विचार केला. "फुटबॉल मंजी त्यो हौदातला?"

"त्योच."

"त्येला तर हात लावायचा न्हाई म्हणून तुमीच दम दिलता की साहेब. पाणी चालू ऱ्हातंय म्हणून."

"उद्या काय इचारलं तर फकस्त मान हलव. बाकी मी बोलतो."

"आन् पाय? लंगडतूय त्ये काय सांगू?"

 अहवालात सिदूचा गुडघा अजून शाबूत होता.

*

बारा तारखेला साडेनऊला पांढरी गाडी आली. ओव्हाळ पहाटे चारपासून तयार होते. तीन वेळा परसाकडं जाऊन आले होते.

गाडीतून उतरलेला माणूस साठीचा होता, दारातून वाकून आत यावा एवढा उंच, आणि डाव्या पायानं लंगडत होता. ओव्हाळांनी त्या पायाकडं पाहिलं आणि नजर फिरवली. ज्याचा माल चोरला तो मालकच चालत यावा तसं त्यांना झालं.

अर्जुनरावांनी फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. फोटोग्राफरनं दोनदा उभं केलं. वोर्टमननं नारळ दोन्ही हातांत धरला, त्याचं वजन पाहिलं आणि हसला. मग इंग्रजीत म्हणाला, "सिदू कुठे आहे?"

"काय म्हणतेत?" अर्जुनरावांनी विचारलं.

"सिदू कुठं हाय म्हणतेत."

"अरे वा, वा." अर्जुनरावांनी घड्याळ पाहिलं. "मला बीडला मीटिंग हाय. तुमी दाखवा सगळं. मैदान, खेळाडू, काय आसंल ते." जाता जाता ओव्हाळांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "सही तुमचीच हाय."

त्यांची गाडी धूळ उडवत गेली. ती धूळ खाली बसेपर्यंत ओव्हाळ तिकडंच बघत राहिले. ती बसू नये असं त्यांना वाटत होतं.

सिदू शेततळ्यावर उभा होता आणि तळ्याकडं जायची वाट छावणीतूनच होती. अकराशे जनावरं, चाऱ्याची रांग, माश्या, आणि त्या सगळ्यात हॉलंडहून आलेला एकूण एक नग. ओव्हाळांनी रात्रभर आखणी केली होती. काट्याच्या जागी पोचलो की डावीकडं सरकायचं, म्हणजे गोलपोस्ट आपल्या अंगाआड जाईल. हौदाशी उजवीकडं. गवताखाली मान वर करू द्यायची नाही, खाली बोट दाखवून वैरणीचं बोलायचं.

"ही बघा, ही कडवळाची वैरण," ते डावीकडं सरकत इंग्रजीत म्हणाले. वोर्टमन उजवीकडं झुकला. ओव्हाळ उजवीकडं सरकले. वोर्टमन डावीकडं झुकला. ओव्हाळ दोन्ही हात पसरून डावीकडं आले. त्यांच्या पाठीमागं पांढरी गोलपोस्ट लख्ख उभी होती आणि तिला लोखंडी काटा लोंबत होता. काट्यावर कुणीतरी नेमकी त्याच वेळी पेंढी टाकली.

वोर्टमन थांबला. त्यानं ओव्हाळांच्या चेहऱ्याकडं पाहिलं नाही. पायांकडं पाहिलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण तुमचा भार टाचांवर आहे. चवड्यांवर घ्या. आणि माझ्या डोळ्यांकडे बघू नका, कमरेकडे बघा. डोळे खोटं बोलतात."

 ओव्हाळांनी भार चवड्यांवर घेतला. वोर्टमननं डावा खांदा किंचित पाडला, ओव्हाळ तिकडं वळले, आणि साठीचा लंगडा माणूस उजवीकडून त्यांना ओलांडून गोलपोस्टपाशी जाऊन उभाही राहिला.

 पांढऱ्या खांबावर त्यानं तळवा ठेवला, काटा हलत होता तो थांबवला, पेंढी किती भरली ते वाचलं. पुढं चालू लागला. ओव्हाळांच्या बनियनमधून घाम कमरेपर्यंत आला होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. बोलत नाही म्हणजे लक्षात ठेवतोय, आणि लक्षात ठेवतोय म्हणजे लिहिणार.

पुढं भिमाबाईचा गोठा होता. सगळ्या छावणीत तोंडाळ अशी तिची ख्याती होती. पाहुणा दिसताच ती खराटा टाकून आडवी आली.

"ह्येच का ते गवतवाले?"

"भिमाबाई, बाजूला हो."

"कावून हू बाजूला? त्येनला सांगा, तुमचं गवत खाली लोंबत हुतं, माज्या म्हशीनं वढून खाल्लं. चार दिस शेण न्हाई आलं तिला! चार दिस! डाक्टरनं हात घालून वढलं तर हिरवं आलं!"

वोर्टमननं ओव्हाळांकडं पाहिलं.

"त्या म्हणतात," ओव्हाळ म्हणाले, "की गवताबद्दल त्या तुमच्या आभारी आहेत."

वोर्टमननं मान वर केली. वर डच मैदानाचं गवत उलटं होऊन आभाळाला लागलं होतं, कडेला एक लचका तोडलेला होता आणि खाली म्हैस त्याच्याकडं डोळे वटारून बघत होती. "म्हशीची तब्येत आता कशी आहे?" त्यानं विचारलं.

 भिमाबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण म्हशीची चौकशी कुठल्याही भाषेत कळते. ती खूश झाली आणि तिनं त्याला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. त्या चहाच्या वेळात ओव्हाळ मनातल्या मनात जिल्हा कारागृहाच्या फाटकापर्यंत जाऊन आले. हौद लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. वोर्टमननं जाता जाता पाण्यातल्या चेंडूला एक बोट लावलं. चेंडू बुडाला आणि पुन्हा वर आला.

*

तळं छावणीच्या टोकाला होतं. चार दिवसांपूर्वी पुढाऱ्यांच्या हस्ते जलपूजन होतं म्हणून त्यात एकवीस टँकर ओतले होते. आता कंबरभर पाणी होतं. कडेला पूजेची फुलं चिकटलेली होती आणि पाण्याच्या वर हातभर ओली रेघ दिसत होती. ओव्हाळांनी रेघेकडं पाहिलं आणि सवयीनं पलीकडच्या वस्तीकडं पाहिलं.

सिदू काठावर ताठ उभा होता. साहेब येताना दिसताच त्यानं सलाम ठोकला, आणि सांगितल्याप्रमाणं मान हलवायला सुरुवात केली. कुणी काही विचारलं नव्हतं तरी तो हलवतच होता.

वोर्टमन त्याच्या समोर जाऊन उभा राहिला. बराच वेळ तो सिदूला बघत होता. मग नजर पायावर गेली.

"चालायला सांगा."

"चाल," ओव्हाळ म्हणाले. सिदू मान हलवत राहिला, म्हणून तो एक शब्द दोनदा म्हणावा लागला.

सिदू चालला. चार पावलं गेला, चार पावलं आला. लंगडणं लपवायचा त्यानं प्रयत्न केला आणि त्यामुळं दोन्ही पायांनी लंगडला.

वोर्टमन खाली बसला, तळ्याच्या काठावर, फेट्यासकट. डाव्या पायाची पँट त्यानं वर सरकवली. गुडघ्यावर उभी लांब खूण होती, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके. सिदूनं ती पाहिली. कुणी न सांगता तोही शेजारी बसला आणि आपली पँट वर केली. त्याची खूण आडवी होती, ओबडधोबड, सरकारी दवाखान्यातली.

"साहेब कुठं पडले?" सिदूनं विचारलं.

"खेळताना," ओव्हाळ म्हणाले.

"मी चोराच्या मागं पळताना. सांगा त्येनला."

ओव्हाळांनी तोंड उघडलं. सामन्यात पडला, असं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. विरुद्ध संघाचं नाव सुद्धा तयार होतं, नेकनूर. पण तोंडातून काही येईना.

"राहू द्या," वोर्टमन म्हणाला. "मला माहीत आहे हा खेळत नाही. पहिल्याच अहवालापासून माहीत आहे."

तळ्यावरून गरम वारा आला. ओव्हाळ खाली बसले. 

"सिदूची आई पावसात छत्री घेऊन उभी होती, असं तुम्ही लिहिलं," वोर्टमन म्हणाला. "ती माझी आई. छत्री निळी होती, ते तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून लिहिलं नाही. बाकी सगळं बरोबर होतं. आणि मी इथला पाऊस बघितला. इंटरनेटवर. फेब्रुवारीत तुमच्याकडे पाऊस पडत नाही."

"साहेब, माझी नोकरी..." ओव्हाळ म्हणाले. इंग्रजी व्याकरण त्यांना सोडून गेलं होतं. "दोन वर्षं फक्त. मी चेअरमनचं... सही माझी आहे, पण..."

"आमच्या गावात तो क्लब आता कुणाला आठवत नाही. ती वेबसाइट मीच लिहिली. माझी मुलगीसुद्धा शेवटपर्यंत वाचत नाही. तुम्ही वाचली." वोर्टमननं पँट खाली केली. "नऊ वर्षं खेळलो. तुम्हाला वाटतं बचावपटू शूर असतो? मी दर शनिवारी रात्री जेवायचो नाही. उद्या कुणीतरी मला ओलांडून जाईल आणि मागे काय उघडं आहे ते सगळ्यांना दिसेल, एवढीच भीती. नऊ वर्षं. मघाशी तुम्हाला गोलपोस्टपुढे हात पसरून उभं राहिलेलं पाहिलं आणि मला तो शनिवार आठवला."

ओव्हाळांना हे दिलासा म्हणून घ्यावं की आरोपपत्राची प्रस्तावना म्हणून, ते कळेना. "मग तुम्ही... कलेक्टरकडे...?"

"मी एका कामासाठी आलोय. सातवा अहवाल लिहिला का?"

"नाही."

"म्हणजे त्याचा गुडघा अजून मोडलेला नाही."

"अहवालात नाही."

"मोडू नका," वोर्टमन म्हणाला. साठीच्या त्या उंच माणसाचा आवाज असा आला की सिदूनं चमकून वर पाहिलं. "चौदा तारखेला त्याला घरी बसू द्या. ताप येऊ द्या त्याला. पंधराला बरा होऊन खेळू द्या. पस्तिसाव्या वर्षापर्यंत खेळला पाहिजे. मी दर सहा महिन्यांनी वाट बघेन. बाकी तुम्ही गोलपोस्टला काय टांगलं ते मी कुणाला सांगणार नाही."

ओव्हाळांनी हिशेब केला. सव्वीस ते पस्तीस, नऊ वर्षं. ते निवृत्त झाल्यावरही सात वर्षं त्यांना सिदूला खेळवावं लागणार होतं, आणि आता नक्कल करायला पुढची कारकीर्दच नव्हती. सगळं आपल्या मनानं लिहावं लागणार होतं. भीती गेली नाही. तिनं फक्त जागा बदलली, पोटातून वर आली, छातीशी थांबली आणि तिथं बस्तान मांडलं. तरी पण आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पूर्ण श्वास घेतला.

"लिहितो," ते म्हणाले. "ताप आणतो त्याला."

"साहेब काय म्हणतेत?" सिदूनं विचारलं.

"तू लई वर्षं खेळणार हायस."

सिदूनं मान हलवली. मग त्याला आपलं म्हणणं आठवलं. "चोराचं सांगितलं का त्येनला? तीन वर्षं झाली, तळं भरलं की पाणी गायब. म्या राखण करूनबी. सांगा तर खरं. बाहेरचे शिकलेले लोक हायेत, कायतरी सांगतील."

आता लपवायचं काहीच उरलं नव्हतं, म्हणून ओव्हाळांनी सगळं सांगितलं. कागद, टँकर, ठराव, पलीकडची वस्ती, मोडलेल्या सोयरिकी, गाढव. वोर्टमन ऐकत होता. ऐकता ऐकता तो काठावरून खाली सरकला, पाण्याशेजारचा ओला काळा कागद त्यानं चिमटीत धरला, अंगठ्यानं चोळला आणि उन्हाकडं करून पाहिला.

"हा आमच्या कंटेनरमधला आहे?"

"हो."

 फेट्याचा शेमला वोर्टमनच्या गालावर आला होता तो त्यानं मागं टाकला. मग त्यानं एक वाक्य सांगितलं.

"काय म्हणतेत?" सिदू म्हणाला. हात त्याच्या गुडघ्यावर होता.

तीन वर्षांत पहिल्यांदा ओव्हाळांनी शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं.

"ते म्हणतेत, मैदानात पाणी साचू नये म्हणून ह्यो कागद खाली अंथरतेत. त्येला मुळातच बारीक भोकं असतेत."